आंदणाचें बेट

मुंबई बेट इंग्रजांकडे लढाईनें आलें नाहीं, लग्नांत आलें, हें बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. १६६१ सालच्या तहाप्रमाणें पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर तें दुसऱ्या चार्लस राजास आंदण मिळालें, आणि १६६८ मध्यें त्यानें तें वर्षाला दहा पौंड भाड्यानें कंपनीच्या हवालीं केलें. शाळेंत हा भाग शिकवितांना मुलें हमखास हंसत. गाय आंदण देतात, तांब्या-पितळेचीं भांडीं देतात, फार तर एखादें शेत लिहून देतात. पण अख्खें बेट? युरोपांत ही रीत मुंबईहून तीनशें वर्षें जुनी आहे, असें मी प्रत्येक वर्गाला सांगूं लागें आणि तेवढ्यांत तास संपल्याची घंटा होई. त्या राहून गेलेल्या तासाची भरपाई आज या सदरांत करतों.

आशिया मायनरच्या किनाऱ्याला लागून एजियन समुद्रांत लेस्बॉस नांवाचें मोठें बेट आहे. ऑलिव्हचीं झाडें, द्राक्षांचे मळे आणि मितिलिनी हें मुख्य शहर. सॅफो ही प्राचीन ग्रीक कवयित्री येथलीच. १९१२ पासून हें बेट ग्रीसकडे आहे. परंतु १३५५ पासून १४६२ पर्यंत, म्हणजे एकशें सात वर्षें, येथें राज्य केलें तें गात्तिलूझियो नांवाच्या एका जेनोईज घराण्यानें. हें राजकुळ नव्हे. त्या काळचा जेनोआचा व्यापारी म्हणजे एका हातांत तागडी आणि दुसऱ्या हातांत तरवार. माल विकत मिळाला तर घ्यावयाचा, न मिळाला तर दुसऱ्याच्या गलबतावरून उतरवून घ्यावयाचा. या दोन धंद्यांमधील सीमा त्या समुद्रावर फारशी कोणी पाळीत नसे.

फ्रांचेस्को गात्तिलूझियो हा असाच एक तरुण. दोन वल्ह्यांचीं गलबतें घेऊन तो १३५४ सालीं टेनेडॉस बेटापाशीं आला. तेथें त्याची गांठ पडली ती बायझंटियमच्या पदच्युत बादशहाशीं. या बादशहाचें नांव पांचवा जॉन पालिओलोगस. बाप वारला तेव्हां हा नऊ वर्षांचा. बापाचा जिवलग मित्र कांताकुझिनस यानें प्रथम पालक म्हणून कारभार हातांत घेतला, मग यादवी माजली, शेवटीं तो स्वतःच सहबादशहा झाला आणि आपली मुलगी हेलेना त्यानें या जॉनला दिली. म्हणजे ज्यानें गादी बळकाविली तोच सासरा! पुढें सासऱ्यानें आपल्या मुलाला गादीवर बसविण्याचा घाट घातला आणि जांवई समुद्रांतील एका बेटावर दिवस मोजीत बसला. भाऊबंदकीचीं कारस्थानें आपण पुष्कळ वाचलीं आहेत. पण सासरे-जांवयांची अशी झुंज विरळाच.

बावीस वर्षांच्या जॉननें फ्रांचेस्कोला शब्द दिला: मला माझें राज्य मिळवून दे, मी तुला माझी बहीण मारिया देतों.

नोव्हेंबर महिन्यांतील एका अंधाऱ्या रात्रीं फ्रांचेस्को कॉन्स्टँटिनोपलच्या तटाखालीं आला. गलबतांत तेलाचे रिकामे रांजण भरलेले. ते तटावर आपटून खलाशांनीं मोठा गलबला केला. पहारेकऱ्यांनीं विचारलें, "कोण?" उत्तर मिळालें, "आम्ही तेलाचे व्यापारी. वाऱ्यानें गलबत तटावर आदळत आहे, आम्हांला वांचवा. जो माल वांचेल त्यांतील अर्धा तुमचा." फुकटच्या तेलाचें नांव निघतांच पहारेकऱ्यांना झोप राहिली नाहीं. दरवाजा उघडला, मदतीला माणसें बाहेर आलीं, आणि रांजणांच्या आडून हत्यारबंद लोक आंत शिरले. अरबी गोष्टींतील चाळीस चोरांची येथें कोणास आठवण झाली तर नवल नाहीं. मात्र त्या चोरांचा बेत एका दासीनें हाणून पाडला, येथें तशी शहाणी दासी पहाऱ्यावर नव्हती. डिसेंबरांत कांताकुझिनसानें राज्यत्याग करून संन्यास घेतला. मठांत बसून त्यानें आपल्या कारकीर्दीचा मोठा इतिहास लिहिला.

जॉननें दिलेला शब्द पाळला. १३५५ च्या उन्हाळ्यांत मारियाचें लग्न झालें आणि लेस्बॉस बेट आंदण म्हणून फ्रांचेस्कोकडे आलें. मारियाला कोणी विचारलें होतें काय? ज्यांनीं रांजणांची संख्यासुद्धां चघळावी अशा लेखकांनीं या मुलीविषयीं एक वाक्यही खर्च केलेलें नाहीं. बादशहाची लेक, बादशहाची बहीण, ती एका चांच्याच्या घरीं गेली. तिचा धर्म ग्रीक, नवऱ्याचा लॅटिन. आणि त्या दिवसांत हे दोन पंथ एकमेकांना पाखंडी म्हणत. हें लग्न म्हणजे राज्याची किंमत होती, असें माझें स्पष्ट मत आहे. तरी हेंही खरें कीं, त्या घराण्याला पुढें जी प्रतिष्ठा मिळाली ती सगळी या सुनेच्या माहेरची. मितिलिनीच्या किल्ल्यावर गात्तिलूझियोंच्या माशाच्या खवल्यांसारख्या चिन्हाशेजारीं पालिओलोगसांचा गरुड कोरलेला आहे. जांवयाच्या घरावर सासरवाडीचें चिन्ह आपल्याकडे कोणी लावूं देणार नाहीं!

ही मंडळी राज्य करावयास शिकली, हें मात्र मान्य केलें पाहिजे. ग्रीक धर्माध्यक्षाला त्यांनीं हुसकून लावलें नाहीं. स्वतः ग्रीक बोलूं लागले. माहेरच्या बादशहांशीं पुन्हां सोयरिकी केल्या. फ्रांचेस्को मेहुण्याच्या अडचणीला धांवून जात असे. १३६६ मध्यें गॅलिपोली तुर्कांकडून परत घेतांना तो सॅव्हॉयच्या सरदाराबरोबर होता.

आणि उत्पन्न? आपल्या घरांत दाढीच्या डब्यांत किंवा पाण्याच्या घागरीजवळ तुरटीचा खडा असतोच. त्या काळीं या खड्याला युरोपांत फार मोठी किंमत होती, कारण तुरटीवांचून लोंकरीवर रंग पक्का बसत नाहीं. आपल्याकडील रंगारीही मंजिष्ठाच्या तांबड्या रंगाआधीं कापडाला तुरटी देत, तेंच हें शास्त्र. इटलीचे व फ्लँडर्सचे विणकर तुरटीकरितां पूर्वेकडे डोळे लावून बसत. लेस्बॉसच्या समोर, आशियाच्या किनाऱ्यावर, फोकियाच्या खाणी होत्या. या खाणींवर पूर्वीं झक्कारिया नांवाचें दुसरें जेनोईज घराणें गबर झालें होतें आणि त्याच बळावर १३०४ पासून १३२९ पर्यंत खिऑस बेट त्यानें हातांत ठेविलें होतें. पंधराव्या शतकाच्या आरंभीं जुनें फोकिया गात्तिलूझियोंकडे आलें. तुरटी लेस्बॉसवरही निघे. शिवाय मुख्य भूमीवरील ईनॉस बंदर घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे होतें, आणि हळूहळू थॅसॉस, सॅमोथ्रेस, इंब्रॉस, लेम्नॉस हीं बेटेंही या दोन शाखांच्या पदरांत पडलीं.

दैवानें त्यांना दोन विलक्षण तडाखे दिले. ६ ऑगस्ट १३८४ रोजीं मोठा भूकंप होऊन किल्ला कोसळला, आणि फ्रांचेस्को व त्याचे दोन मुलगे ढिगाऱ्याखालीं गेले. धाकटा याकोपो त्याच जागीं निजला होता. तो दुसऱ्या दिवशीं खालच्या द्राक्षांच्या मळ्यांत जिवंत सांपडला. त्यालाच बापाचें नांव देऊन गादीवर बसविलें. भूकंपांतून वांचलेल्या या दुसऱ्या फ्रांचेस्कोचा अंत विंचवानें केला असें सांगतात, म्हणजे विषानें नव्हे. त्याची आरोळी ऐकून इतके लोक माडीवर धांवले कीं लांकडी तक्तपोशीच खचली. १३९६ मध्यें निकोपोलिसच्या लढाईंत तुर्कांनीं फ्रान्सचे बडे सरदार पकडले, त्यांच्या खंडणीकरितां मोठी रक्कम उभी करून देणारा हाच. सुटलेले सरदार मितिलिनीस उतरले तेव्हां घरच्या धनिणीनें त्यांना नवीं वस्त्रें देऊन मोठा पाहुणचार केला.

१४५३ मध्यें कॉन्स्टँटिनोपल पडलें, बादशहा मारला गेला, माहेर उरलें नाहीं. आतां तुर्की सुलतान दुसरा महंमद याला दरवर्षीं खंडणी द्यावयाची आणि दिवस काढावयाचे. या घराण्याच्या पदरीं डुकास नांवाचा एक ग्रीक चिटणीस होता. १४५५ मध्यें तो लेस्बॉसची तीन हजार व लेम्नॉसची दोन हजार तीनशें पंचवीस मोहरांची खंडणी घेऊन सुलतानाकडे गेला. तुझा धनी कोण, असें तेथें विचारण्यांत आलें. जुना धनी डोरिनो नुकताच वारला होता. डुकासानें त्याच्या मुलाचें, डोमेनिकोचें, नांव सांगितलें. सुलतानाचे वजीर म्हणाले, आमच्या धन्यासमोर येऊन मान वांकविल्याशिवाय तो धनी कसला? डोमेनिकोला जावें लागलें. थॅसॉस सोडावें लागलें, खंडणी चार हजारांवर गेली.

याच सालीं ईनॉसच्या शाखेचा म्हातारा पालामेदे वारला, आणि येथून जें घडलें तें आपल्या घरांतील वडील मंडळींनीं जरा सावकाश वाचावें. त्याचा थोरला मुलगा ज्योर्जिओ बापाआधींच गेला होता. त्याची विधवा आणि पोरकीं मुलें घरांत होतीं. म्हाताऱ्यानें त्यांचाही वांटा ठेविला होता. पण धाकटा मुलगा, हाही डोरिनोच, यानें सगळें आपल्याकडे घेतलें. भावजयीनें समजुतीनें सांगून पाहिलें, तो ऐकेना. तेव्हां तिनें आपल्या मामाला सुलतानाकडे फिर्याद घेऊन पाठविलें. सुलतान अशाच निमंत्रणाची वाट पाहत होता. जानेवारी १४५६ मध्यें, ऐन हिंवाळ्यांत, तो ईनॉसवर चालून आला. गांवानें दरवाजे उघडले. दिरालाही कांहीं उरलें नाहीं आणि भावजयीलाही.

कांहीं इतिहासकार त्या बाईला घरभेदी ठरवून मोकळे होतात. मला तें पटत नाहीं. मिताक्षरेवर कितीही चर्चा करा, वांट्याची वेळ आली कीं विधवेच्या मुलांपुढें काय येतें हें मीं नोकरीच्या गांवीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. एका घरांत तर तांब्याच्या एका घंगाळावरून पांच वर्षें कोर्टांत गेलीं, आणि घंगाळ वकिलाच्या घरीं राहिलें. दिरानें वांटा दिला असता तर ईनॉस वांचलें असतें असें मात्र मी म्हणणार नाहीं. सुलतान आज ना उद्यां येणारच होता. तरीपण त्याला बोलावण्याची पाळी त्या बाईवर कोणी आणली, एवढें विचारणें न्यायाचें आहे.

लेस्बॉसवर याहून वाईट घडलें. डोमेनिकोचा भाऊ निकोलो हा लेम्नॉसवर कारभार पाहत असे. तेथील लोक त्याच्या जाचाला कंटाळून तुर्कांना मिळाले आणि हा पळून भावाच्या आश्रयाला आला. १४५८ मध्यें त्यानें, एका चुलत्याच्या मुलाच्या साह्यानें, ज्या भावानें आश्रय दिला त्यालाच कैद केलें आणि गळा आवळून मारविलें. चार वर्षें तो गादीवर होता. सप्टेंबर १४६२ मध्यें महमूद पाशाच्या तोफा मितिलिनीच्या तटासमोर उभ्या राहिल्या. निकोलोनें किल्ल्या दिल्या. शहराच्या लोकांचे तीन भाग झाले: गरीब तेथेंच राहिले, कांहीं सैनिकांना गुलाम म्हणून मिळाले, आणि बाकीचे कॉन्स्टँटिनोपलला वस्तीकरितां नेले. निकोलोनें जीव वांचविण्याकरितां धर्म बदलला. त्याचा उपयोग झाला नाहीं; थोड्याच दिवसांत त्यालाही गळा आवळूनच मारण्यांत आलें.

वर सांगितलेल्या पुष्कळशा गोष्टी आपणांस कळतात त्या डुकासाच्या बखरीमुळें. तेलाच्या रांजणांची हकीकत त्याचीच, खंडणीच्या मोहरांचा आंकडाही त्याचाच. त्याची बखर मितिलिनीच्या वेढ्यापर्यंत येते आणि एका वाक्याच्या मध्यावर थांबते. ज्या प्रतीवरून ती छापली तिच्यांत पुढचा मजकूर नाहीं.

खिऑस बेटावर १३४६ पासून जेनोआच्या गलबतमालकांच्या भागीदारीनें राज्य केलें. ती हकीकत ईस्ट इंडिया कंपनीशीं ताडून पाहण्यासारखी आहे. ती पुढील अंकीं.