मुलांच्या नावाचं स्पेलिंग एकदाच ठरवा

खारघरमधल्या सगळ्या आईवडिलांना एक कळकळीची विनंती आहे. मुलाचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं ते जन्मदाखला काढण्याआधी ठरवा, कागदावर लिहून ठेवा आणि पुढे सगळीकडे तीच अक्षरं वापरा.

'श्रुती'च्या शेवटी कोणी 'टी-आय' लिहितं, कोणी 'टी-एच-आय'. 'गायकवाड'मधला 'व' कुठे 'डब्ल्यू' होतो, कुठे 'व्ही'. यातलं कुठलंच चूक नाही. मात्र जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तिसरं स्पेलिंग गेलं की त्रास सुरू होतो. विद्यार्थ्याचा अपार आयडी अडकतो, पॅन-आधार जोडणी होत नाही, पासपोर्टच्या वेळी धावपळ होते.

जन्माची नोंद घराच्या पत्त्यावरून होत नाही, जन्म जिथे झाला तिथे होते. खारघर 2016 पासून पनवेल महापालिकेत आहे. पण बाळंतपण नेरूळ-वाशीला झालं तर दाखला नवी मुंबई महापालिकेकडून मिळतो. जन्म 21 दिवसांत कळवायचा असतो. नाव ठरलं नसेल तर नोंदणीनंतर 12 महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येतं. तेव्हा दवाखान्यातून निघण्याच्या गडबडीत कोणाच्याही हाती स्पेलिंग सोपवू नका. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव हा क्रम आला आहे. म्हणजे तुमच्या स्वतःच्या नावांची स्पेलिंगही तुमच्या आधारशी जुळायला हवीत.

आधारवरचं नाव साधारणपणे दोनदाच बदलता येतं. ती संधी विचार करून वापरा. अंकशास्त्राच्या सल्ल्यावरून नावात जादा 'ए' घालू नका; तो एक 'ए' मुलाला जन्मभर प्रत्येक खिडकीवर समजावून सांगावा लागतो. दहावीच्या परीक्षेआधी शाळा नावांची यादी तपासायला देते. ती स्वतः बघा, मुलालाही एकेक अक्षर वाचायला लावा. दहावीची गुणपत्रिका पुढे प्रवेश, नोकरी, पासपोर्ट सगळीकडे लागते आणि मूल शाळेतून बाहेर पडल्यावर तिच्यातली दुरुस्ती फार जिकिरीची होते.

मोठ्यांच्या कागदांत फरक असेल तर दहावीची गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. नावच बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करावं लागतं.

या रविवारी घरातल्या प्रत्येकाचा जन्मदाखला, आधार, पॅन आणि शाळेचा दाखला शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. फरक दिसला तर प्रवेशाची किंवा नोकरीची वेळ येईपर्यंत थांबू नका. दुरुस्तीचा अर्ज लगेच करा.