भागीदारी आणि पैज

मार्च 2020 मध्ये देशात डीमॅट खाती 4 कोटींच्या घरात होती. मार्च 2024 मध्ये ती 15 कोटींच्या वर गेली. एकाच माणसाची दोन-दोन, तीन-तीन खाती असतात हे जमेस धरूनही ही वाढ अभूतपूर्वच म्हटली पाहिजे. पोस्ट, मुदतठेव आणि सोने या त्रिकुटाबाहेर ज्या गोमंतकीय मध्यमवर्गाने दोन पिढ्या पाऊल टाकले नाही, त्याच वर्गातील तरुण आज कचेरीला जाताना कदंबच्या बसमध्ये बसून मोबाईलवर भाग विकत घेतो. यात खेद मानण्यासारखे काही नाही. ठेव तेवढी सुरक्षित, बाकी सारा जुगार, ही वडीलधाऱ्यांची समजूत अगदीच निराधार नव्हती. परंतु म्हापसा अर्बनचा परवाना 2020 मध्ये आणि मडगाव अर्बनचा 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला, तेव्हा ठेवीलाही धोका असतो हे गोव्याने अनुभवले. ठेवीला निदान 5 लाखांपर्यंत विम्याचे कवच आहे, भागाला ते नाही, एवढा फरक मात्र विसरता कामा नये.

चिंता वेगळीच आहे. या बाजाराला दोन दारे आहेत, आणि नवागताला ती एकच वाटतात. पहिल्या दारातून आत जाणारा माणूस एखाद्या उद्योगाचा अंशतः मालक होतो. कंपनीला नफा झाला तर त्याला लाभांश मिळतो, धंदा वाढला तर भागाचे मोल वाढते. ही भागीदारी आहे, आणि कोणत्याही भागीदारीप्रमाणे तिला वेळ द्यावा लागतो. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, म्हणजे सेन्सेक्स, 1978-79 हे वर्ष पायाभूत धरून 100 पासून मोजला जातो. जुलै 2024 मध्ये त्याने 80 हजारांचा टप्पा ओलांडला. लाभांश बाजूला ठेवला तरी ही वाढ दरसाल सुमारे 16 टक्के चक्रवाढीची होते.

हा आकडा दलालांच्या जाहिरातींत शोभतो. म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगणे भाग आहे. हर्षद मेहता प्रकरण उघडकीस येण्यापूर्वी एप्रिल 1992 मध्ये सेन्सेक्स 4,400 च्या वर चढला होता. अकरा वर्षांनी, एप्रिल 2003 मध्ये, तो 3,000 च्या आसपास घुटमळत होता. मध्यंतरी चढउतार पुष्कळ झाले, पण ज्याने त्या शिखरावर पैसे घातले आणि ज्याला नेमकी 2003 साली मुलीच्या लग्नासाठी ती रक्कम हवी होती, त्याला सोळा टक्क्यांचा हिशेब ऐकवून काय उपयोग? मार्च 2020 मध्ये तर 23 तारखेच्या एका दिवसात निर्देशांक 13 टक्के कोसळला. म्हणून पहिला प्रश्न कोणता भाग घ्यावा हा नसून कोणता पैसा घालावा हा आहे. कर्ज फेडलेले, आजारपणासाठी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलेला, आणि नंतर जे उरेल व सात-आठ वर्षे लागणार नाही, तेवढेच या दारातून आत न्यावे. उसने घेऊन तर कदापि नव्हे.

सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत, असा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. गोव्याला त्याचा अर्थ निराळा सांगायला नको. 2012 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी बंद झाल्या, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्दबातल ठरवले. ज्या घरातला कर्ता खाणीवर, दारातला ट्रक खनिजाच्या वाहतुकीला आणि बचतही खाण कंपनीच्या भागांत, त्या घराचे तिन्ही खांब एकाच वेळी हलले. आपले पोट ज्या धंद्यावर आहे, त्याच धंद्यात बचतही गुंतवू नये. नामांकित कंपनी म्हणजे सुरक्षित कंपनी, हाही भ्रमच. सेन्सेक्सच्या 30 कंपन्यांत गणल्या गेलेल्या सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी 7 जानेवारी 2009 रोजी हिशेब फुगवल्याची कबुली दिली, आणि त्या एका दिवसात भागाची किंमत तीन-चतुर्थांशाहून अधिक घटली. ज्याच्यापाशी केवळ सत्यमचे भाग होते तो धुळीला मिळाला; निर्देशांकातील सर्वच कंपन्यांचे भाग घेणाऱ्या इंडेक्स फंडात ज्याचे पैसे होते, त्याला जेमतेम ओरखडा उठला. ताळेबंद वाचण्याची ना सवड ना सवय असलेल्या माणसाने दरमहा थोडी रक्कम अशा फंडात टाकत राहावे, हेच आम्हांला शहाणपणाचे वाटते. त्याचा वार्षिक खर्चही कमी असतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबात एक टक्क्याचा फरक लहान नसतो.

आता दुसरे दार. फ्युचर्स-ऑप्शन्स या नावाने चालणाऱ्या वायद्यांच्या व्यवहारांत कंपनीची मालकी घेतली जात नाही. अमुक तारखेला भाव वर की खाली, यावर पैसे लावले जातात. पीक वा माल हाती असलेल्यांना जोखीम उतरवण्यासाठी हे साधन निर्माण झाले, हे खरे. पण हाती काहीच नसलेल्या माणसाच्या लेखी ती निव्वळ पैज होय. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्तींनी हे व्यवहार केले. त्यांतील 93 टक्के तोट्यात गेले आणि एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटी रुपयांच्या वर गेला. हा पैसा गेला कोठे? 2023-24 मध्ये दलाली पेढ्यांनी स्वतःच्या खात्यावर सुमारे 33 हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूक संस्थांनी सुमारे 28 हजार कोटींचा नफा मिळवला, आणि त्यातला जवळजवळ सगळा संगणकाच्या आज्ञावलींनी मिळवला. बसमधल्या तरुणाचा प्रतिस्पर्धी हा असा आहे. त्याहून विषण्ण करणारी बाब अशी की, लागोपाठ तोटा सोसूनही चारांतील तिघे खेळतच राहिले.

मांडवीच्या पात्रातील कॅसिनोंविरुद्ध आपण मोर्चे काढतो, जत्रेतील पटांवर पोलीस धाडी घालत नाहीत म्हणून संतापतो. तोच खेळ घरातला मुलगा देव्हाऱ्याशेजारी बसून खेळतो, तेव्हा तो ‘ट्रेडिंग’ करतो म्हणून आपण कौतुकाने सांगतो!

सेबीने नोव्हेंबर 2024 पासून निर्देशांकाच्या कराराची किमान रक्कम 15 लाखांवर नेली आणि दर आठवड्याला संपणाऱ्या करारांवर मर्यादा घातल्या. तरीही 2024-25 मध्ये तोट्यात गेलेल्यांचे प्रमाण सुमारे 91 टक्के राहिले. नवागताच्या हाती मात्र एक सोपा उपाय आहे. भागांचे खाते उघडले म्हणून वायद्यांचे दार आपोआप उघडत नाही. त्यासाठी स्वतंत्र संमती आणि उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो. दलालाचा माणूस गोड बोलून तो अर्ज पुढे सरकवील, तेव्हा तो कोरा परत करावा.