नील अर्थव्यवस्थेचे कारभारी किती?

भारताच्या किनारपट्टीची लांबी अलीकडेच ७,५१६ किलोमीटरवरून ११ हजार किलोमीटरच्या पुढे गेली. समुद्र वाढलेला नाही; खाड्या आणि वळणे अधिक बारकाईने मोजली गेली, इतकेच. महाराष्ट्राचा ७२० किलोमीटरचा किनाराही या मोजणीत ८७७ किलोमीटरवर पोहोचला. त्याने कोळ्याच्या जाळ्यात एकही मासा अधिक पडला नाही. 'नील अर्थव्यवस्था' या शब्दाचेही काहीसे असेच झाले आहे. मासेमारी, बंदरे, समुद्रतळाची खनिजे हे सारे त्यात एकत्र मोजले जाते. परंतु एकाच पाण्यावर दोघांनी हक्क सांगितला तर पहिला मान कोणाचा, हे ठरविणारी एक यंत्रणा मात्र उभी राहिलेली नाही.

पैसा आलाच नाही, असे म्हणता येणार नाही. केंद्राने २०१९ मध्ये मत्स्यव्यवसायाचा स्वतंत्र विभाग केला आणि २०२० मध्ये २०,०५० कोटी रुपयांची मत्स्यसंपदा योजना आणली. नील अर्थव्यवस्थेच्या धोरणाचा मसुदा २०२१ मध्ये जाहीर झाला, तो मात्र भूविज्ञान मंत्रालयाकडून. बंदरे, खनिजे आणि किनारा नियमन यांची खाती आणखी निराळी.

खरा पेच आहे तो १२ सागरी मैलांच्या रेषेचा. घटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्याचा विषय. प्रादेशिक जलधीपलीकडील मासेमारी मात्र केंद्राची. मासळीच्या थव्यांना ही रेषा ठाऊक नसते आणि पर्ससीनधारकांना ती नको तेवढी ठाऊक असते. महाराष्ट्राने २०१६ मध्ये पर्ससीनवर कठोर मर्यादा घातल्या. केंद्राने २०१७ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रात एलईडी दिव्यांच्या मासेमारीस बंदी केली. २०२१ मध्ये राज्याने आपल्या १९८१ च्या कायद्यात दुरुस्ती करून दंड लाखांच्या घरात नेला आणि कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे दिले. तरीही गिलनेट आणि डोलीवर पोट असणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांची तक्रार तीच आहे. 'आम्ही हद्दीबाहेरच होतो' हे उत्तर खोडून काढायचे तर समुद्रात गस्त हवी, आणि तीच अपुरी पडते. तामिळनाडूतील पर्ससीनचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा जानेवारी २०२३ च्या अंतरिम आदेशाने १२ मैलांपलीकडे, तेही आठवड्यातून दोनच दिवस मुभा दिली.

वाटणीचा प्रश्न मासळीपुरता राहिलेला नाही. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. प्रकल्प ७६ हजार कोटींच्या घरातला, आणि विरोध तेथील मच्छीमारांचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने समुद्रतळाच्या १३ खनिज क्षेत्रांचा लिलाव जाहीर केला. त्यात केरळपुढील वाळूची क्षेत्रे होती. तेथील किनाऱ्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये हरताळ झाला आणि पाठोपाठ विधानसभेने विरोधाचा ठराव केला. खनिजे केंद्राची, हे घटनेला धरूनच आहे. पण उपसलेल्या वाळूने मासळी हटली, तर रिकाम्या होड्या परततील त्या केरळच्याच बंदरांत.

सेशेल्सने वेगळा क्रम धरला. मोठ्या प्रकल्पांच्या आधी तेथे समुद्राचा नकाशा आखण्यास प्रारंभ झाला. कर्जसवलतीच्या करारातून निधी उभा राहिला आणि मार्च २०२० पर्यंत ३० टक्के सागरी क्षेत्र संरक्षित घोषित झाले. जेमतेम लाखभर वस्तीच्या देशाला जे साधले ते भारताला तसेच साधेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु आधी वाटप आणि मग परवाना, हा क्रम लोकसंख्येवर अवलंबून नसतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने विशेष आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे नियम अधिसूचित केले. परदेशी नौकांना मज्जाव, सहकारी संस्थांना प्राधान्य, एलईडी आणि जोडीच्या ट्रॉलिंगवर बंदी. यांत्रिक नौकांना प्रवेशपास, पारंपरिक होड्यांना त्यातून सूट. हेतू स्तुत्य आहे. मात्र पास घेतलेल्या नौकेला जाता-येता राज्याचे १२ मैल ओलांडावेच लागतात. त्या वाटेवर जाळे पडले की नाही, हे पाहण्याचे काम राज्याचे. पास देणारे संकेतस्थळ केंद्राचे.