मैदान रिकामे नसते

मुंबईत चर्चगेट स्थानकासमोर ओव्हल नावाचे विस्तीर्ण मैदान आहे. हे मैदान मुळात खेळासाठी राखलेले नव्हते, हे ऐकून तुम्हांस नवल वाटेल. पूर्वी त्याच्या पूर्वेस इंग्रजांचा तटबंद किल्ला होता. शत्रू चालून आल्यास त्याला आडोसा मिळू नये व तोफांचा मारा अडू नये, म्हणून तटाबाहेरची जमीन मोकळी ठेवली होती. १८६० नंतरच्या दशकात तट पाडण्यात आला. तोफा गेल्या, पण मोकळी जमीन पुष्कळशी राहिली. तिच्यातून रस्ते निघाले आणि ओव्हल, क्रॉस, आझाद व कूपरेज अशी चार मैदाने झाली. युद्धासाठी राखलेली भूमी मुलांच्या वाट्यास यावी, असे योग इतिहासात थोडेच!

१९८८ साली आझाद मैदानावर सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या शाळकरी मुलांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. त्या मैदानावर रोज आणखी कितीतरी डाव रंगतात. त्यांची नोंद कोण ठेवणार?

तरीही काही लोक म्हणतात, "एवढी मोलाची जागा रिकामी का ठेवावी?" नगराला घरे हवीत, रुग्णालये हवीत, रेल्वेही हवी, हे खरेच आहे. २०१९ साली मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा मेट्रो हवी म्हणणारे व झाडे हवीत म्हणणारे, दोघेही नगराच्या हिताचीच भाषा बोलत होते. परंतु मैदानावर इमारत उठते, तशी इमारत पाडून मैदान केल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. हा भेद मला फार मोठा वाटतो.

कोणी सुचवितात की, मैदानास कुंपण घालून तिकीट लावावे, म्हणजे निगा नीट राहील. निगा अवश्य राखावी. परंतु ज्याचे सारे कुटुंब एका खोलीत राहते, त्या मुलाचे अंगण म्हणजे हे मैदानच होय. तिकीट लागले की प्रथम तोच बाहेर राहील. ज्याच्यापाशी स्वतःची बाग आहे, त्याचे काय बिघडणार?

नगराचा विकास आराखडा मंजूर होण्यापूर्वी तो प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्यात, असे महाराष्ट्राचा १९६६ चा नगररचना कायदा सांगतो. आपल्या वस्तीतील मैदान त्या नकाशात मैदान म्हणूनच दाखविले आहे की नाही, हे वडीलधाऱ्यांबरोबर जाऊन तुम्हांसही पाहता येईल.