आपल्यात कागद कशाला?

मंडळी, हा लेख चिडून लिहितोय हे आधीच सांगून टाकतो. नातेवाईक मंडळी इथे गुपचूप येऊन वाचून जातात हे मला ठाऊक आहे, तेव्हा हे आपल्यालाच उद्देशून आहे असं त्यांनी खुशाल समजावं. बाकीच्यांनी आपापल्या सातबाऱ्याशी ताडून बघा.

झालं असं की आमच्या एका चुलतभावाने गावच्या जमिनीतला आपला हिस्सा विकायला काढल्याचं कानावर आलं. घरात हलकल्लोळ! 'वाडवडिलांची जमीन विकतो म्हणजे काय?' वगैरे वगैरे. मी विचारलं, हिस्सा म्हणजे नेमका कुठला? व्हाळाकडचा? कलमांचा? वरचा कातळ? कुणालाच सांगता येईना. वाटणी झालेलीच नाही. काका म्हणाले, "अरे, आपल्यात कागद कशाला?"

मग मी पंधरा रुपये भरून डिजिटल सातबारा काढला. चार एकर जमीन, 27 नावं. त्यातली 11 माणसं स्वर्गवासी. आजोबा 1971 साली गेले, त्यांच्यापुढे कितीतरी वर्षं 'ए. कु. मॅ.' म्हणून थोरल्या काकांचं नाव होतं. (एकत्र कुटुंब मॅनेजर. कुटुंब कधीच एकत्र राहिलं नाही, मॅनेजर मात्र राहिला.) आणि तिन्ही आत्या? त्या 'इतर हक्क' या रकान्यात, बँकेच्या बोज्याच्या शेजारी. सरकारने 2025 मध्ये मेलेल्यांच्या जागी वारसांची नावं लावायची मोहीम काढली, तिचं नाव 'जिवंत सातबारा'. आमच्या घरातून एकही अर्ज गेला नाही :)

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण ज्याला जमीन राखणं म्हणतो, ते खरं तर काहीच न करणं आहे. आणि जमीन जाते ती त्यानेच. विकणाऱ्यामुळे ती नंतर जाते.

कायदा काय सांगतो ते बघा. अविभक्त जमिनीतला सहहिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो. त्याला आपल्या सहीची गरज नाही. घेणारा येतो, वाटपाचा दावा लावतो. राहत्या घराला थोडं संरक्षण आहे. 1893 च्या वाटप कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे, बाहेरच्याने असा दावा लावला तर घरच्यांना त्याचा घरातला हिस्सा किंमत देऊन घेता येतो. कलमांना ते कलम लागू नाही! (कोटी माझी नाही, आबांची.) हिंदू वारसा कायद्याचं 22 वं कलमही आहे. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर त्याच्या जवळच्या वारसांपैकी कुणी हिस्सा विकताना उरलेल्यांना तो आधी घ्यायचा हक्क आहे, आणि शेतजमिनीलाही हे लागू होतं असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलंय. पण तो हक्क कोर्टात जाऊन, पैसे हातात ठेवून बजावायचा असतो. 27 नावांतून पैसे कोण काढणार? परवाच्या फोनवर तर एसटीचं भाडं कुणी द्यायचं यावर दहा मिनिटं गेली.

बरं, वाटून घेऊ म्हणावं तर 160 गुंठ्यांत 27 नावं, म्हणजे सरासरी सहा गुंठेसुद्धा येत नाहीत. तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला दहा आणि जिरायतीला वीस गुंठे आहे. म्हणजे वाटताही येत नाही आणि राखताही येत नाही. ही अडचण चुलतभावाने केलेली नाही. ती 1971 पासून आपण सगळ्यांनी मिळून केली आहे.

त्याचं काय चुकलं ते तरी सांगा. तीस वर्षं त्याला वर्षाला आंब्याची एक पेटी मिळाली, तीही कधी मिळाली, कधी नाही. हिशोब मागितला तर 'घरच्यात हिशोब?' आता मुलाची फी भरायची आहे. आपण त्याला जमिनीत काही दिलंच नाही, फक्त अभिमान दिला. अभिमानावर डोंबिवलीत भाडं भरता येत नाही.

आणि आत्यांबद्दल बोलायचं तर मला लाजच वाटते. दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी हक्कसोड पत्राचा विषय काढतं, तोही नेमका भाऊबीजेला. 'तुला काय करायचीय गं जमीन?' आजोबांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुली 1956 च्या कायद्यापासूनच वारस आहेत. 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहदायाद झाली आणि 2020 च्या विनीता शर्मा निकालाने वडील 9 सप्टेंबर 2005 ला हयात असायला हवेत ही अटही गेली. तरी आपल्या घरात भाषा 'माहेरची साडीचोळी' हीच. धाकटी आत्या मला एकदा म्हणाली होती, "मला जमीन नको रे, पण माझं नाव तिथे बोज्यासारखं नको." याला आपल्याकडे उत्तर नाही.

दादाचा उपाय ठरलेला आहे: 'कुणीही कधीही विकायची नाही असं लिहूनच टाकू.' लिही बाबा, पण ते टिकणार नाही. हस्तांतरणावर अशी कायमची बंदी मालमत्ता हस्तांतरण कायद्यात रद्दबातल आहे. ट्रस्ट केला तरी सात पिढ्यांचं कुलूप लावता येत नाही. आज हयात असलेल्यांचं आयुष्य आणि त्यापुढच्या न जन्मलेल्या मुलाचं अज्ञानपण, एवढीच कायद्याने दिलेली मुदत. मला ते योग्यच वाटतं. मेलेल्या माणसाने जिवंतांवर किती हुकूम चालवावा?

त्यापेक्षा साधं आहे ते करू. आधी सगळ्यांच्या वारस नोंदी, आत्यांसकट, मालकीच्या रकान्यात. (नोंद म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे हे मला माहीत आहे, वकीलकाका, कमेंट टाकू नका.) मग सगळ्यांचं मिळून एक नोंदणीकृत व्यवस्थापत्र: घर, विहीर, पाणंद आणि व्हाळाकाठची झाडी सामाईक. कलमांचं उत्पन्न हिश्श्याप्रमाणे, दरवर्षी लेखी हिशोबासकट. कुणाला बाहेर पडायचं असेल तर आधी घरात विचारायचं, अमुक महिन्यांची मुदत, भाव ठरवायची रीत आधीच लिहिलेली. बाहेर पडायला रस्ता असला की माणसं पळत नाहीत असा माझा अनुभव आहे, निदान आमच्या सोसायटीत तरी.

आणि प्रत्येकाने आपल्या हिश्श्याचं मृत्युपत्र. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदार लागतात, शक्यतो ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे. हा विषय काढला की आपल्याकडे 'शुभ बोल नाऱ्या' सुरू होतं. आयुर्विम्याचा हप्ता भरताना कुणी तसं म्हणत नाही.

वरच्या कातळाच्या शेजारी दोन वर्षांपूर्वी चिरेखाण सुरू झाली. तिथेही सामाईक सातबारा होता, तिथेही एका हिश्श्यापासून सुरुवात झाली. आता आमच्या विहिरीच्या पाण्यावर पांढरट तवंग येतो आणि पानांवर लाल धूळ बसते. गेल्या मे महिन्यात बाबा अंगणात बसून नुसतं त्या आवाजाकडे कान लावून होते.

बाबा 78 वर्षांचे आहेत. आठवडाभर भांडल्यावर परवा रविवारी कागद घेऊन बसले. पहिल्या ओळीलाच अडले: मुलीचं नाव माहेरचं लिहू की सासरचं? ताईला फोन लावला. ती म्हणाली, "दोन्ही लिहा, तलाठ्याला कळू दे." दुपारपर्यंत पानभर झालं. साक्षीदार म्हणून शेजारचे जोशीकाका आणि खालचा मेडिकलवाला. सह्या व्हायच्या आहेत.

मेमध्ये आपण सगळे गावी जमतोय. मी सातबाऱ्याच्या 27 झेरॉक्स घेऊन येतोय. हयात नसलेल्यांच्या प्रती त्यांच्या मुलांनी घ्याव्यात.