मिडवेची लढाई जपान जिंकला असता तर...



'सूर्य उगवला नाही तर', 'परीक्षा नसत्या तर', 'मी मुख्याध्यापक झालो तर'... हे निबंध आपण सगळ्यांनी लिहिलेत आणि आता दरवर्षी तपासतोही. मराठीच्या तासाला चालणारं हे 'तर' इतिहासाच्या तासाला मात्र आपण दाराबाहेर उभं करतो. "इतिहासात जर-तरला जागा नसते" हे वाक्य मीही वर्गात कितीतरी वर्षं म्हणत आले.

दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाने कल्पनाप्रधान निबंधाला स्वतःच विषय निवडला. मिडवेची लढाई जपान जिंकला असता तर! मोबाईलवरच्या कुठल्यातरी गेममधून त्याला ही लढाई कळली होती. शेवटी त्याने लिहिलं होतं की आज आपण सगळे जपानी बोललो असतो. मी लाल रेघ मारली आणि पाचपैकी दोन गुण दिले. तो वही घेऊन टेबलापाशी आला नि म्हणाला, "बाई, सूर्य न उगवलेला चालतो, मग जपान जिंकलेला का नाही?"

उत्तर सुचलं नाही. घरी जाऊन वाचत बसले, आणि माझं मत बदललं. जर-तर वर्गात हवं. मात्र त्याला नियम हवेत.

आधी खरं काय घडलं ते पाहू. ४ जून १९४२. पॅसिफिक महासागरातल्या मिडवे या चिमुकल्या बेटावर अॅडमिरल नागुमो चार विमानवाहू जहाजं घेऊन चालून आले: अकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू. अमेरिकेकडे तीन होती. पण अमेरिकनांनी जपानी सांकेतिक संदेश फोडले होते, त्यामुळे ती तीन जहाजं आधीच दबा धरून बसली होती. सकाळी साडेदहाच्या आसपास अवघ्या काही मिनिटांत तीन जपानी जहाजं पेटली, आणि संध्याकाळी चौथंही. जपानची ३,००० हून अधिक माणसं गेली, अमेरिकेची ३०० हून अधिक. मुलांना हे आकडे मी फळ्यावर लिहायला लावते, कारण गेममध्ये बुडालेल्या जहाजावर माणसं नसतात.

आता पहिला नियम. बदल एकच करायचा, आणि तोही त्या दिवशी खरंच होऊ शकला असता असाच. 'जपानकडे दहा जहाजं असती तर' हे चालणार नाही. मग वर्गाने यॉर्कटाऊन निवडलं. हे अमेरिकन जहाज मे महिन्यात कोरल समुद्राच्या लढाईत जबर जखमी झालं होतं. दुरुस्तीला तीन महिने लागतील असा अंदाज होता. पर्ल हार्बरच्या गोदीतल्या चौदाशेच्या आसपास कामगारांनी रात्रंदिवस खपून ते तीन दिवसांत समुद्रात जाण्याजोगं केलं. ते झालं नसतं तर? सोर्यूवर बॉम्ब टाकणारी विमानं यॉर्कटाऊनचीच होती. म्हणजे त्या सकाळी जपानची दोन जहाजं शाबूत राहिली असती. प्रत्यक्षात एकट्या उरलेल्या हिर्यूने दुपारी यॉर्कटाऊनला निकामी केलं. मग दोघांनी मिळून काय केलं असतं? वर्गात एवढी शांतता मी क्वचित ऐकली आहे. कारणं-परिणामांच्या प्रश्नोत्तरांत हा वेल्डर कधीच भेटत नाही हो.

दुसरी गोष्ट तर माझाच फजितवाडा करणारी निघाली. टोने या जहाजावरचं एक टेहळणी विमान अर्धा तास उशिरा उडालं. 'ते वेळेवर उडालं असतं तर जपान वाचला असता' असं मी ठासून सांगितलं. नंतर पार्शल आणि टली यांचं २००५ चं 'शॅटर्ड स्वोर्ड' हे पुस्तक हाती आलं. त्यांचं म्हणणं नेमकं उलट. ते विमान उशिरा उडालं, ठरलेल्या मार्गाने गेलं नाही, म्हणूनच त्याला अमेरिकन जहाजं त्या वेळी दिसली! दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझं वाक्य मागे घेतलं. मुलं खूश.

आणि तिसरा नियम खुद्द जपानी आरमाराकडून शिकावा. लढाईच्या आधीच्या महिन्यात यामातो या युद्धनौकेवर त्यांनी हीच लढाई टेबलावर फासे टाकून खेळून पाहिली होती. मित्सुओ फुचिदा या वैमानिक अधिकाऱ्याने युद्धानंतर लिहिलंय की फाशांनी जपानी जहाजांवर नऊ बॉम्ब पाडले, तेव्हा अॅडमिरल उगाकींनी नऊचे तीन केले. बुडालेलं एक जहाज तर पुढच्या डावात पुन्हा हजर! फुचिदांचं सगळंच लिखाण आजचे अभ्यासक डोळे झाकून मानत नाहीत, पण हा प्रसंग बहुतेकांना मान्य आहे. आपल्याला हवं ते उत्तर येईपर्यंत फासे फिरवायचे, याला आमच्या वर्गात आता 'उगाकी करणं' म्हणतात.

एका मुलीने विचारलं, "मग ती जहाजं मुंबईला आली असती का?" हसण्यासारखा प्रश्न नाही. त्या चारांपैकी तीन जहाजांच्या विमानांनी ५ एप्रिल १९४२ ला कोलंबोवर हल्ला केला होता, आणि दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टणम व काकीनाड्यावर जपानी बॉम्ब पडले होते. मग आम्ही नकाशावर सुतळी लावून अंतरं मोजली, तेलाचा प्रश्न काढला.

पालकांची तक्रार असते की मुलं युद्धाचे गेम खेळतात. खेळतातच. दटावण्याआधी एकदा विचारा, "यात खरं किती?" माझ्याकडे तो मुलगा असाच सापडला.

त्याने निबंध पुन्हा लिहिला. या वेळी मिडवे जपान जिंकतो, पण १९४३ पासून अमेरिकेच्या कारखान्यांतून एसेक्स वर्गाची नवी विमानवाहू जहाजं एकामागून एक बाहेर पडतात, आणि जपानला तेवढी बांधता येत नाहीत. जपानी भाषेचं वाक्य त्याने स्वतःच काढून टाकलं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'युद्ध लांबलं असतं. किती लांबलं असतं आणि त्यात अजून किती माणसं गेली असती ते मला सांगता येत नाही.'

पाचपैकी साडेचार दिले. अर्धा गुण ऱ्हस्व-दीर्घात गेला.