दलाली कोणी खाल्ली, एवढंच विचारायचं?

मैत्रिणींनो, बोफोर्स म्हटलं की आपल्याला एकच प्रश्न आठवतो: पैसे कोणी खाल्ले? ४१० तोफा, १,४३७ कोटींचा करार. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओने लाचखोरीची बातमी फोडली आणि देशभर गदारोळ उठला. मीही तोच प्रश्न विचारत होते. आज तो मला अपुरा वाटतो.

कारण स्वीडनमध्ये याच कंपनीचं दुसरं प्रकरण आधीच बाहेर आलं होतं. तो देश तेव्हा तटस्थ म्हणवत असे. युद्धाच्या भागात शस्त्रं विकायची नाहीत, असं त्याचं धोरण. तरी बोफोर्सची क्षेपणास्त्रं सिंगापूरच्या नावावर निघाली आणि दुबई-बहारीनला पोचली. कंपनीतल्याच इंग्वार ब्रात्त या इंजिनियरने माहिती दिली. १९८४ मध्ये तिथल्या शांतता संघटनेने पोलिसांत तक्रार केली. १९८९ मध्ये माजी अधिकारी दोषी ठरले, पण तुरुंगात कोणीच गेलं नाही.

याच देशाच्या आल्वा मीर्दाल १९५५ ते १९६१ दिल्लीत राजदूत होत्या. निःशस्त्रीकरणाच्या कामासाठी १९८२ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. १ फेब्रुवारी १९८६ ला त्या गेल्या, आणि २४ मार्चला तोफांच्या करारावर सह्या झाल्या. एका हाताने शांतता, दुसऱ्या हाताने तोफा!

कारगिलमध्ये १९९९ साली याच तोफा कामी आल्या, असं मला सुनावलं जातं. आल्या. म्हणून विकणाऱ्याला जाब विचारायचाच नाही? लाच न देता विकलेली तोफ काय फुलं उडवते?

गावातलं दुकान बंद करायला आपण बाटली आडवी करतो, तेव्हा फक्त हप्ता कोण खातो एवढंच विचारत नाही. दारू कोणाच्या घरात शिरते, मार कोण खातं, हे विचारतो. शस्त्रांबाबत मात्र आपली नजर हप्त्यावरच अडते.

स्वीडनने २०१४ मध्ये स्त्रीवादी परराष्ट्र धोरण जाहीर केलं. शस्त्रविक्री चालूच राहिली. २०२२ मध्ये ते धोरण सोडलं, २०२४ मध्ये देश नाटोत गेला. तटस्थपणा गेला, कारखाने राहिले.

आणि आपण? २०२३-२४ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २१,०८३ कोटींवर गेली. आता आपणही विकणारे आहोत. तेव्हा बायांनो, दलालीचा हिशेब मागाच. पण त्याआधी विचारा: माल कोणाला विकला, आणि तो कोणावर चालणार आहे?